ती माशी उडत नाही, आणि रानकोंबडा विकाऊ नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या एका लेखामुळे परवाच्या रविवारी पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. गावी तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. माझ्या वयाच्या परदेशी राहणाऱ्या माणसाला अवेळी गावाकडून फोन आला की आधी छातीत धस्स होतं, मग हात फोनकडे जातो. फोन संगमेश्वरहून, बहिणीच्या मुलाचा. "मामा, झोपला होतात? बरं, रानकोंबड्याच्या मानेला तिकडे काय भाव मिळतो?"

पान त्याने लगेच फोटो काढून पाठवलं. लेख स्कॉटलंडच्या पर्यटनावरचा. सॅमन म्हणजे आपला रावस, इथून सुरुवात. मग इथले श्रीमंत लोक म्हणे माश्या पकडून गळाला लावतात आणि सॅमन त्या खायला येतो. आणि शेवटी, ठळक चौकटीत, या माश्या बनवण्यासाठी सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची पिसं परदेशात सोन्याच्या भावाने विकली जातात. (जिवंत माश्या पकडून लावायच्या असतील तर पिसं कशाला लागतात, हा प्रश्न लेखकालाही पडला नाही आणि संपादनात कुणालाही नाही.) हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात तेवढंच त्यांचं नातं, ते सोडून देऊ. माशीची चूकही हसून सोडली असती. पण भाच्याच्या घरामागे रान आहे, रानात कोंबडे आहेत, आणि फासकी लावण्यात वाकबगार असा एक मित्रही त्याला आहे. म्हणून हे पत्र.

मी मूळचा गुहागर तालुक्यातला. दाभोळच्या खाडीत वडिलांच्या मागे बसून गरवण्यात लहानपण गेलं. गरीला कोलंबी टोचायची, तंगूस बोटावर घ्यायचं आणि वाट बघायची. शेंगाळा लागला तर काटा मारेल म्हणून वडील मला हात लावू देत नसत. तांबोशी लागली की त्या दिवशी घरी दुसरी भाजी होत नसे. पुढे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होऊन १९९१ मध्ये ॲबर्डीनला आलो आणि उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी केली. दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. आता निवृत्त आहे. डी नदी माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. ब्रेरीआख डोंगराच्या माथ्याजवळ उगम पावून, ब्रेमार, बालमोरल, बॅलटर, बँकरी करत ती आमच्या बंदरात समुद्राला मिळते.

प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी करायला काही नसायचं. दारूला बंदी, टीव्हीवर फुटबॉल. क्रेन चालवणारा एक म्हातारा जेवण झालं की केबिनमधल्या टेबलाला चिमुकला व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा, लावून बसायचा. रोज भेटला की "फिट लाइक, लून?" म्हणजे या भागाच्या बोलीत "कसं काय, पोरा?" मी तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. एकदा त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं तर तो एका गळावर पिसं, केस आणि चंदेरी जर बांधत होता. हे काय म्हणून विचारलं. म्हणाला, फ्लाय. कुठला किडा आहे हा? म्हणाला, कुठलाच नाही.

इथे थांबून सांगतो, कारण लेखकाची गफलत नेमकी इथेच आहे. फ्लाय म्हणजे शब्दशः माशी, पण मासेमारीत ती गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष. ट्राउट नावाच्या माशासाठी बांधतात त्या बऱ्याच फ्लाय खऱ्या किड्यांची नक्कल असतात. सॅमनची तशी नसते. सॅमन समुद्रात खाऊन पिऊन गलेलठ्ठ होतो आणि अंडी घालायला आपल्या जन्मनदीत परततो, तेव्हा तो खाणं सोडून देतो. महिनोन्‌महिने नदीत उपाशी राहतो. ज्याला भूकच नाही त्याच्यासमोर तुम्ही पिसांची एक रंगीत वस्तू आडवी वाहवत नेता, आणि कधीतरी तो ती तोंडात धरतो. का धरतो? चिडून, सवयीने, की समुद्रातलं काही आठवून, यावर इथे शंभर वर्षं वाद चाललाय आणि दारूच्या गुत्त्यात अजून चालतो. आमिष म्हणजे पोटाची लाच, असं समजणाऱ्या माझ्यासारख्या कोकणी पोराला हे ऐकून म्हातारा थट्टा करतोय असंच वाटलं होतं.

पुढच्या फेरीला त्याने मला समोर बसवलं. पहिली शिकवली ती स्टोट्स टेल. स्टोट हा मुंगसाच्या चणीचा, शेपटीचं टोक काळं असलेला प्राणी. पूर्वी त्या टोकाचे केस वापरत. आता बहुतेक जण काळ्या रंगात बुडवलेले खारीच्या शेपटीचे केस घेतात, मीही तेच. आठ नंबरचा दुहेरी गळ व्हाइसमध्ये पकडायचा. (गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ बारीक, हे उलटं गणित डोक्यात बसायला मला महिना लागला.) काळा दोरा नेढ्यामागून सुरू करून वेढ्याला वेढा चिकटवत मागे न्यायचा. तिथे शेपटी म्हणून सोनेरी फेझंटच्या तुऱ्यातलं एक पिवळं पीस, वर वळलेलं. मग जरीचा तुकडा बांधून सोडायचा, त्यावर काळं रेशीम सपाट गुंडाळत पुढे यायचं, आणि जर त्याच्यावरून पाच वेढ्यांत, सारख्या अंतराने. ही जर ओळखीची निघाली. आत सुताचा गाभा आणि त्यावर धातूची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे आपली कलाबतू. चपटी असते ती बादला. इथली नावं मी शिकलो, पण हात लावल्यावर मनात आली ती आईच्या लुगड्याच्या काठांची नावं.

गळ्याखाली काळ्या कोंबड्याचं पीस झाल्यावर खरी परीक्षा, पंखाची. केसांची चिमूट कापून आधी जुन्या टूथब्रशने विंचरायची, म्हणजे मुळाशी असलेली मऊ लव निघून जाते. ती राहिली तर पंख घसरतो. चिमूट दोन बोटांत गळावर धरायची, बोटांच्या आतच दोऱ्याचा सैल फास तिच्यावरून घ्यायचा, आणि मग सरळ खाली ओढायचा. तिरका ओढलात तर केस गळाभोवती गरकन फिरून पोटाखाली जातात. माझ्या पहिल्या सात फ्लायना पंख पोटाखाली होते. म्हाताऱ्याने त्या सातही ठेवून घेतल्या आणि माझ्या निवृत्तीला पुठ्ठ्यावर टाचून भेट दिल्या.

शेवटी डोकं. दोऱ्याचे वेढे, गाठ आत ओढून घ्यायची, आणि व्हार्निशचे तीन हात. बायकोचं पारदर्शक नेलपॉलिश चालतं, तिला विचारून. इथे नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे नेढ्याजवळ जागाच न ठेवणं. शेपटीकडे, अंगाकडे इतकं लक्ष जातं की डोक्याला एक मिलीमीटर उरतो, आणि मग व्हार्निश थेट नेढ्यात. त्याची शिक्षा घरात मिळत नाही, नदीवर मिळते. जूनच्या शेवटी मी सी ट्राउटला गेलो होतो. सी ट्राउट म्हणजे समुद्रात जाऊन आलेला आपला तपकिरी ट्राउटच, जात एकच. पण नदीत आल्यावर इतका भित्रा की दिवसा सावलीलाही बिचकतो, म्हणून त्याला अंधारात गाठायचं. ॲबर्डीनला त्या दिवसांत रात्री साडेअकरापर्यंत नीट अंधार पडत नाही. साडेअकरापर्यंत दगडावर बसलो, मिजेस नावाच्या चिलटांनी कान फोडून काढले, समोरच्या डोहात मासे धपाधप उसळायला लागले, आणि मी फ्लाय बदलायला डबी उघडली. एकाही फ्लायच्या नेढ्यातून तंगूस जाईना. बाराच्या बारा बंद. टॉर्च लावावा तर मासे पळणार. कोटाच्या कॉलरला लावलेली टाचणी सापडेपर्यंत पाऊण तास गेला आणि डोह गप्प झाला. तेव्हापासून व्हार्निश ओलं असतानाच प्रत्येक नेढ्यातून पिसाचा एक देठ ओढून काढतो.

जरीवरून आणखी एक. ॲबर्डीनच्या उत्तरेला न्यूबर्गजवळ यथान नदीची खाडी आहे, सी ट्राउटसाठी नावाजलेली. मुखाशी वाळूवर सील पसरलेले असतात, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जावं लागतं, थोडक्यात मला दाभोळला गेल्यासारखं वाटतं. तिथे छोट्या रुपेरी माशासारखी दिसणारी टील ब्लू अँड सिल्व्हर चालते: अंग चंदेरी बादल्याचं, गळा निळा, पंख टील बदकाच्या काळ्या-पांढऱ्या रेघांच्या पिसांचा. एकदा बादला संपला. बायकोच्या एका विरलेल्या शालूचा काठ मी उसवला. फ्लाय झाली देखणी. शालूवाली जर खाऱ्या पाण्यात दोन फेऱ्यांत काळी पडली आणि घरचं प्रकरण आठ दिवसांत निवळलं. मासा त्या फ्लायला लागला नाही.

आता रानकोंबडा. लेखातली ही गोष्ट निखालस खोटी नाही, जुनी आहे. साम्राज्याच्या काळात ब्रिटिशांना जगातून जे जे पीस मिळालं ते त्यांनी सॅमनच्या गळाला बांधलं. जॉक स्कॉट ही त्यातली सर्वांत गाजलेली फ्लाय, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. तिच्या यादीत चीनचा फेझंट, अमेरिकेतला टूकन, मोरपिसाचे धागे, आणि दोन्ही बाजूंना आपला करडा रानकोंबडा. त्याच यादीत 'इंडियन क्रो' म्हणून एक तांबडं-केशरी पीस असतं. तो पक्षी भारतातला नाही आणि कावळाही नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. माल बोटीतून आला, कुणीतरी नाव ठोकून दिलं. सॅमनला या थाटाचं काही पडलेलं नसतं. ते सगळं बांधणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. हा नाद किती खोल जातो ते ऐका. २००९ च्या जूनमध्ये लंडनमध्ये शिकणाऱ्या एका तरुण बासरीवादकाने ट्रिंग इथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात खिडकीतून शिरून २९९ पक्ष्यांची भरलेली कातडी पळवली. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेली होती. कशासाठी? फ्लाय बांधणाऱ्यांना पिसं विकायला. बऱ्याच कातड्यांच्या पायांच्या चिठ्ठ्या त्याने काढून टाकल्या. चिठ्ठी गेली की पक्षी कुठल्या डोंगरावर, कुठल्या साली मिळाला ते गेलं, आणि अभ्यासाला ते कातडं निरुपयोगी झालं.

आपल्या रानकोंबड्याच्या मानेत नवल आहे हे मी नाकारत नाही. काळसर पिसाच्या टोकाला पांढुरका आणि पिवळसर ठिपका, आणि त्या जागी पीस पिसासारखं राहतच नाही, मेणाचा थेंब पडून घट्ट झाल्यासारखं लागतं. नखाने वाजतं. पाण्यात भिजून सगळी फ्लाय काडी झाली तरी तो ठिपका लहान माशाच्या डोळ्यासारखा उघडा राहतो. लहानपणी मारळच्या वाटेवर त्याची अर्धी तोडल्यासारखी बांग पुष्कळ ऐकली, पण ते पीस हातात पहिल्यांदा घेतलं ते उत्तर समुद्रात, जमिनीपासून शे-दीडशे मैलांवर, एका स्कॉटिश क्रेनवाल्याच्या डबीतून.

पण भाव? इथे दुकानात मिळतात त्या माना इथेच पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांच्या असतात. मी अकरा वर्षांपूर्वी एक घेतली, नव्वद पौंडांना. अजून अर्धी शिल्लक आहे, कारण एका फ्लायला लागतात दोन पिसं, आणि पीस चिरलं तर मी व्हार्निशने सांधून पुन्हा वापरतो. प्लॅस्टिकचे नकली डोळेही मिळतात. काही जण साध्या पिसावर रंगाचा ठिपका देतात, आणि निम्मे लोक डोळा लावतच नाहीत. माझ्या स्टोट्स टेलला डोळा नाही. गेल्या पाच वर्षांत मला लागलेल्या नऊ सॅमनपैकी सहा तिलाच लागले. (पाच वर्षांत नऊ. श्रीमंतांचा चोचला म्हणणाऱ्यांनी हा आकडाही छापावा. डीवरचे काही पट्टे खरोखर अमीरउमरावांचे आहेत. मी क्लबच्या पाण्यावर जातो, वर्षाचा पास काढून.) दुकानातल्या तयार फ्लाय बऱ्याचशा केनियातल्या कारागिरांनी बांधलेल्या असतात, दोन-तीन पौंडांना एक. स्वतः बांधल्याने पैसे वाचतात असं मी बायकोला पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही.

कायदेशीर पिसं भारतातून येत नाहीत असं नाही. कुठल्याही दुकानात 'इंडियन केप' लिहिलेलं स्वस्त पाकीट मिळतं. ती पाळीव कोंबड्याची मान, कोंबडीवड्यांसाठी कापतात त्याच जातकुळीतल्या. रानकोंबड्याची गोष्ट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. फासकी लावणं, मारणं, मान विकणं, पार्सल करून पाठवणं, सगळंच गुन्ह्यात बसतं, आणि मामाच्या पत्त्यावर पाठवलं तर मामाही आत. भाच्याने मग विचारलं, "मोरपिसं?" ती रानात आपोआप पडलेली असली तरी देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. त्यावर तो म्हणाला, "मग तुमच्या धंद्यात आमचा फायदा काय?" मी म्हटलं, माझाही नाही.

बहिणीचा प्रश्न निराळा. ती गेली वीस वर्षं एकच विचारते: पकडलेला मासा परत सोडता, तर पकडता कशाला? इथे गळाने धरलेला सॅमन विकायला २००२ पासून बंदी आहे, आणि डीवर आम्ही प्रत्येक सॅमन परत सोडतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकलेला असतो. मासा पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे धरून, तो स्वतः शेपटी मारीपर्यंत थांबायचं. मासाच उरला नाही हे खरं कारण. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन 'संकटग्रस्त' ठरला. समुद्रातून परत येणारेच कमी झाले, नद्या तापतात, बांध आडवे येतात, किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यांतल्या सॅमनवरच्या उवा रानटी माशांना लागतात. एवढं सगळं सांगून झालं की बहीण म्हणते, "म्हणून तर विचारते." तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. वडील असते तर त्यांनाही पटवू शकलो नसतो. त्यांनी आणलेला मासा कधी परत गेला नाही, आणि त्यात काही चुकलं असंही मला वाटत नाही.

रविवारी स्कॉटलंडात सॅमनला आणि सी ट्राउटला गळ टाकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून रविवार माझा बांधायचा वार. फोन आला त्या दिवशी झोप गेलीच होती, तेव्हा चहा ठेवून बसलो आणि सहा स्टोट्स टेल बांधल्या. बिनडोळ्याच्या. तुम्हाला फोटो हवा असेल तर पाठवतो, माशी उडत नाही याची वाचकांचीही खात्री पटेल.

विनंती एवढीच. खुलासा छापाल तेव्हा तो 'वाचकांची पत्रे'च्या तळाशी बारीक टाइपात नको. मूळ लेखाला होती तशीच चौकट आणि तेवढाच ठळक मथळा द्यावा: सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेला परदेशात भाव नाही, आपल्याकडे तुरुंग आहे. आमचा भाचा मथळ्याच्या खाली वाचत नाही.

बहिणीला गावात तोंड दाखवायचं आहे, म्हणून माझं नाव छापू नये.

कळावे,
आपला जुना वाचक,
ॲबर्डीन, स्कॉटलंड
(मूळ गाव गुहागर तालुक्यात)